गुडघ्याच्या हालचालीच्या नोंदींची एक्सेलमध्ये तारीख होते? माझा अनुभव

नाशिकला कॉलेज रोडवर आमचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पेशंटची प्रगती बघायला रेकॉर्ड सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) काढून एक्सेलमध्ये उघडली की '०-११०' नीट दिसायचं, पण '१०-९०'चं (म्हणजे गुडघा १० अंशांपर्यंतच सरळ होतो, ९० पर्यंत वाकतो) व्हायचं ऑक्टोबर १९९०! म्हणजे ज्यांचा गुडघा आखडलाय, नेमके तेच आलेखातून गायब. डोकं पार उठलं होतं.

सेल 'टेक्स्ट' केला तर ३३१४७ असा आकडा उमटला (एक्सेल त्या तारखेसाठी आत ठेवतं तो क्रमांक). नोंदीच्या सुरुवातीला अॅपॉस्ट्रॉफी (') टाकून पाहिली, तर सीएसव्ही पुन्हा उघडताच परत तारीख.

चाललं ते असं. एक्सेलमध्ये सेव्ह झालेली फाइल टाकून द्या, सॉफ्टवेअरमधून नवी काढा आणि तिच्यावर डबल-क्लिक करू नका. कोरी एक्सेल शीट उघडून डेटा > फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही मधून ती निवडा. 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' ठेवा, मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'. हालचालीचा कॉलम निवडून स्प्लिट कॉलम > बाय डिलिमिटर, चिन्ह '-'. दोन्ही नव्या कॉलमना 'होल नंबर' द्या, 'क्लोज अँड लोड' करा. कुणी '५-०-१३०' अशी तीन आकड्यांची नोंद केली असेल तर ती आधी हातानं वेगळी काढा, नाहीतर तिसरा कॉलम येतो.

पुढच्यासाठी टेम्पलेटमध्येच 'सरळ होण्यातली तूट' आणि 'वाकणं' असे आकड्यांचे दोन रकाने करून घेतले, शिवाय डावा/उजवा, स्वतःहून/थेरपिस्टने वाकवून. शेजारी एलईएफएसचे (पायांनी रोजची कामं किती जमतात याची प्रश्नावली) ० ते ८० पैकी गुण. त्यात ९ गुणांपेक्षा कमी फरक पडला तर मी सुधारणा धरत नाही.