समीक्षा वाचा, पण तारे झाकून

सिनेमाची समीक्षा समोर आली की मी आधी तारे अंगठ्याने झाकते, मग मजकूर वाचते. ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ म्हटलंय? मग कुठे, कशामुळे, तेही सांगितलंय का बघा. नुसतंच ‘पैसावसूल’ असेल तर पुढे सरका.

समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९५ टक्के म्हणजे १०० पैकी ९५ गुण नव्हेत! १०० पैकी ९५ समीक्षकांना सिनेमा बरा वाटला, एवढंच. सगळ्यांनी पाचात तीन तारे दिले तरी आकडा १०० होऊ शकतो. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ मात्र गुणांची भारित सरासरी काढतं, म्हणजे काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन देतं.

भयपटाला आणि विनोदी सिनेमाला समीक्षक वेगवेगळे धरा. माझा एक ठरलेला आहे. भुताच्या सिनेमाला त्याने नाक मुरडलं की मी लगेच तिकीट काढते. रहस्यपट असेल तर शेवटचा परिच्छेद सिनेमा बघून आल्यावरच वाचा.