प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग: जोड्या लावताना कुठे चुकतं

प्रशिक्षण घेतलेल्यांचा पगार जास्त वाढला. हा प्रशिक्षणाचा गुण, की मुळात धडपडी माणसंच तिकडे गेली? चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नसतील, तर रोझेनबॉम आणि रुबिन यांनी १९८३ मध्ये मांडलेला प्रोपेन्सिटी स्कोअर कामी येतो. हा स्कोअर म्हणजे आधीच्या माहितीवरून काढलेली, त्या व्यक्तीने प्रशिक्षण घेण्याची शक्यता. जवळपास सारखा स्कोअर असलेला एक प्रशिक्षण घेतलेला आणि एक न घेतलेला अशा जोड्या लावून तुलना करायची, हे मॅचिंग.

निम्मं काम चलं, म्हणजे स्कोअर काढायला घ्यायचे माहितीचे रकाने, निवडण्यातच असतं. वय, शिक्षण, आधीचा पगार अशी प्रशिक्षणापूर्वी नोंदलेली आणि पगारावर परिणाम करणारी चलं घ्या. नंतर मिळालेलं पद घालू नका; प्रशिक्षणाचा जो परिणाम मोजायचा, त्यातलाच काही भाग त्याने पुसला जातो. केंद्राचं अंतर फक्त प्रवेशावर परिणाम करत असेल, तर तेही वगळा. त्याने अनिश्चितता तेवढी वाढते.

मग लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे या चलांवरून ही शक्यता काढणारं मॉडेल, चालवा. मॉडेलचा अंदाज फार अचूक आला म्हणून खूश होऊ नका: दोन्ही गट इतके वेगळे असतील, तर तुलनेला माणसंच उरत नाहीत. म्हणून दोन्ही गटांच्या स्कोअरचे हिस्टोग्राम एकावर एक ठेवून आधी बघा.

जोड्या स्कोअरच्या लॉजिटवर, म्हणजे ln(स्कोअर ÷ (१ − स्कोअर)) वर, लावा. कॅलिपर, म्हणजे चालेल तेवढा फरक, सहसा लॉजिटच्या प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) ०.२ पट धरतात. विचलन ०.९ असेल तर कॅलिपर ०.१८. मग ०.६० स्कोअरवाल्याला ०.५६ वाला चालतो (लॉजिटमधला फरक ०.१६), ०.५५ वाला नाही (०.२०). ज्यांना जोडीदार मिळत नाही ते गळतात, आणि निष्कर्ष उरलेल्यांपुरताच राहतो. किती गळले ते अहवालात लिहाच.

समतोल, म्हणजे दोन्ही गट चलांच्या बाबतीत सारखे झाले का, हे तपासायला पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) वापरू नका. जोड्या लावल्यावर नमुना लहान होतो, त्यामुळे समतोल सुधारला नसला तरी पी-व्हॅल्यू वाढते. सरासरीतला फरक प्रमाण विचलनाने भागा. वय ३४ विरुद्ध ३८ आणि विचलन १० असेल, तर ०.४, हे वाईट. ०.१ च्या आत आलं पाहिजे. नाही आलं तर मॉडेलमध्ये वयाचा वर्ग (वय × वय) किंवा दोन चलांचा गुणाकार घालून पुन्हा जोड्या लावा. हे सगळं पगाराचा निकाल न बघता करायचं, नाहीतर मनासारखं उत्तर येईपर्यंत मॉडेल बदलत बसण्याचा मोह आवरत नाही.

धडपडी वृत्ती मात्र कुठल्याच रकान्यात नोंदलेली नसते, आणि मॅचिंगला ती दिसत नाही. निकाल 'बढती मिळाली की नाही' असा असेल, तर ई-व्हॅल्यू काढा: जोखीम गुणोत्तर (प्रशिक्षण घेतलेल्यांना बढती मिळण्याची शक्यता इतरांच्या किती पट) २ असेल तर २ + √(२×१) = ३.४१. म्हणजे न नोंदलेल्या घटकाचा प्रवेशाशी आणि बढतीशी, दोन्हींशी निदान ३.४१ पटीचा संबंध असेल, तरच तो एकटा हा सगळा परिणाम खोटा पाडू शकतो.