अनलिमिटेड डेटाचा जुना प्लॅन बंद होतोय? आधी हे करा

‘तुमचा सध्याचा अनलिमिटेड प्लॅन अमुक तारखेपासून बंद होत आहे’ असा मेसेज आला, तर त्यातल्या ‘नवा प्लॅन निवडा’ या लिंकवर लगेच जाऊ नका. असे प्लॅन नव्या ग्राहकांना केव्हाच मिळेनासे झालेले असतात, त्यामुळे एकदा सोडला की तो सहसा परत मिळत नाही.

मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, प्लॅनच्या अटी उतरवून ठेवा. मग कंपनीला ईमेलने किंवा चॅटवर, म्हणजे लेखी विचारा: आपण काहीच केलं नाही तर कोणत्या प्लॅनवर टाकणार? आणि कोटा संपल्यावर नेट बंद पडणार, वेग घटणार, की जादा पैसे लागणार? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने अनलिमिटेड म्हणून विकलेल्या प्लॅनचाच वेग ठरावीक वापरानंतर घटवला होता. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

घटलेला वेग म्हणजे काय, ते हिशोबाने कळतं. समजा वेग ६४ केबीपीएसवर आला, म्हणजे सेकंदाला ८ केबी. ४ एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. साधा मजकूर जातो, नकाशे आणि पैसे भरण्याची ॲप मात्र वारंवार अडकतात.

आता स्वतःचा वापर मोजा. एका महिन्यावर जाऊ नका. निदान तीन बिलं बघा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. फोनमधला आकडा ताडून पाहायला ठीक आहे, पण पैसे कंपनीच्या मोजणीवर लागतात. अँड्रॉइडमध्ये बिलाची तारीख स्वतः भरावी लागते, नाहीतर महिनाच चुकतो. आयफोनमधला आकडा बहुतेक वेळा आपोआप शून्यावर येत नाही. बिलाच्या दिवशी हाताने रीसेट करा.

सगळ्यात जास्त डेटा व्हिडिओ खातो: तासाला साध्या दर्जात सुमारे १ जीबी, एचडीत ३ जीबीपर्यंत. मोबाइल डेटावर दर्जा उतरवला की बाकी फारसं काही करावं लागत नाही. फोटोंचा बॅकअप आणि व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड फक्त वायफायवर ठेवा.

हॉटस्पॉटकडे मात्र नीट लक्ष द्या. लॅपटॉपला तो साधा वायफायच वाटतो, म्हणून अपडेट आणि क्लाउडच्या फाइली बिनदिक्कत उतरत राहतात. विंडोजमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाचं, करा. नव्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा आहे का, तेही बघा.

कंपनी बदलायची ठरली तर नंबर पोर्ट होऊन नवं सिम चालू होईपर्यंत जुनं कनेक्शन बंद करू नका. आधी बंद केलंत तर नंबरच हातचा जाऊ शकतो.