मुलाचं पोट सारखं बिघडतंय? पथ्य सुरू करण्याआधी या चुका टाळा

मुलाचं पोट वारंवार दुखायला लागलं, शी कधी पातळ तर कधी घट्ट व्हायला लागली, की घरात सगळ्यात आधी दूध बंद होतं. फरक पडला नाही तर गहू. मग साखर, मग फळं, मग कुणीतरी सुचवलेली आणखी दोन-चार नावं. दर वेळी एक पदार्थ ताटातून जातो आणि आधी गेलेला काही परत येत नाही. काही महिन्यांत मूल मोजक्या पाच-सहा गोष्टींवर येतं, वजन जागच्या जागी राहतं आणि पोट दुखायचं ते दुखतच राहतं. आईवडिलांची काळजी खरी असते, मेहनतही खरी असते. गडबड होते ती क्रमात, कारण पथ्य आधी सुरू होतं आणि निदान मागाहून येतं, किंवा येतच नाही. मोठ्या माणसाचं उतरलेलं वजन पुढे भरून निघतं. मुलांची उंची वाढायची वर्षं मात्र ठरलेली असतात, म्हणून हा क्रम सुधारायलाच हवा.

तपासणी न करताच गहू बंद करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सीलियाक आजारात गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करते. खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट फुगतं, उंची मागे पडते, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. काही मुलांना तर पोटाचा त्रास जाणवतही नाही, फक्त वाढ खुंटते.

याची पहिली तपासणी रक्ताची असते. त्यात टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची रक्तातली सगळी प्रतिपिंडं मोजतात, कारण मुळात आयजीएच कमी असेल तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. ही प्रतिपिंडं ग्लुटेन पोटात जात असतानाच सापडतात. गहू दोन-तीन महिने बंद असेल तर प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट 'काही नाही' असा येऊ शकतो. मग निदानासाठी मुलाला पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो. किमान सहा आठवडे, तेही रोज एकाहून अधिक वेळा. जरा बरं वाटायला लागलेल्या मुलाला पुन्हा त्रासात ढकलणं कुठल्याही आईला जड जातं. म्हणून गहू थांबवण्याआधी रक्त तपासून घ्या.

'पण गहू बंद केल्यावर बरं वाटलं ना, मग निदान कशाला हवं?' हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर याच आजाराच्या इतिहासात आहे. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये सीलियाकच्या मुलांसाठी केळ्यांवर आधारलेला आहार मांडला. त्यात ब्रेड, बिस्किटं, बटाटे असे पिष्टमय पदार्थ बंद होते. मुलं खरोखर सुधारली आणि श्रेय केळ्यांना गेलं. प्रत्यक्षात उपयोग झाला होता तो गहू गेल्याचा. हे कळलं नसल्यामुळे मूल बरं झालं असं समजून पुढे गहू पुन्हा सुरू व्हायचा आणि आतडं पुन्हा बिघडायचं. नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे धान्याची टंचाई झाली, तेव्हा ही मुलं सुधारली आणि ब्रेड परत मिळू लागल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० च्या आपल्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा हा संबंध मांडला. पथ्याने बरं वाटलं तरी ते कशामुळे वाटलं हे समजलेलं नसेल, तर ते किती काटेकोर आणि किती दिवस पाळायचं हेही ठरवता येत नाही. सीलियाकमध्ये ते जन्मभर पाळावं लागतं आणि चिमूटभर पिठाचीही सूट नसते. सीलियाक नसेल तर बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

'दूध बाधतं' म्हणून सगळं दूध एकाच मापाने मोजणं

यात दोन वेगळे त्रास एकत्र होतात. लॅक्टोज न पचणं म्हणजे दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर कमी पडणं. त्यात गॅस होतो, पोट गुडगुडतं, पातळ शी होते. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांत हे मुळापासून क्वचितच असतं. बहुतेकदा जोराच्या जुलाबांनंतर आतड्याचं अस्तर सोलवटल्यामुळे ते तात्पुरतं होतं आणि काही आठवड्यांत निवळतं. दुधाची ॲलर्जी हा प्रथिनाचा मामला आहे. त्यात शीतून रक्त पडणं, उलट्या, अंगावर पुरळ, वजन न वाढणं अशी लक्षणं दिसू शकतात.

ॲलर्जी असलेल्या मुलाला लॅक्टोज-फ्री दूध दिलं तर काहीच फायदा होत नाही, कारण प्रथिन तसंच राहतं. शेळीचं दूधही चालत नाही. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्याने या मुलांपैकी बहुतेकांना तेही बाधतं. आणि एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युल्याऐवजी तांदळाचं वा बदामाचं पेय देणं धोक्याचं आहे. त्यात बाळाला पुरेल इतकं प्रथिन नसतं.

ॲलर्जीचा संशय असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध पूर्ण थांबवतात आणि नंतर पुन्हा देऊन पाहतात. हा दुसरा भाग बहुतेक घरांत राहून जातो. पण दूध परत दिल्यावर त्रास परतला तरच निदान पक्कं होतं. ज्यांना दूध घेतल्यावर लगेच सूज, पुरळ किंवा धाप लागली आहे, त्यांच्यावर हा प्रयोग घरी कधीही करू नये. इसब असलेल्या मुलाचं दूध बरेच महिने बंद असेल तरी ते पुन्हा कसं सुरू करायचं हे आधी डॉक्टरांना विचारावं.

बद्धकोष्ठाला जुलाब समजणं

पोटदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी मुलांचं खरं दुखणं बद्धकोष्ठ हेच असतं. मूल पाय आवळून, टाचा उंचावून कोपऱ्यात किंवा पडद्याआड उभं राहतं, चेहरा लाल होतो. बघणाऱ्याला वाटतं जोर काढतंय. ते खरं तर शी दाबून धरत असतं, कारण आधी एकदा फार दुखलेलं असतं. मग शी आतच साठते, घट्ट होते, मोठं आतडं ताणलं जातं आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. त्या घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि चड्डी खराब होते. घरात मात्र जुलाब लागले म्हणून फळं-भाज्या बंद होतात. म्हणजे नेमक्या नको त्या गोष्टी बंद होतात!

निदान झाल्यावरही चोथा वाढवण्याची घाई नको. आतडं गच्च भरलेलं असताना कोंडा आणि इसबगोल दिलं की पोट आणखी फुगतं. आधी डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाने आतडं मोकळं करावं. आहारात वयाला साजेल इतका चोथा आणि पुरेसं पाणी असलं की झालं. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून तेव्हाच पाच-दहा मिनिटं शौचाला बसवावं. पाय लोंबकळू देऊ नयेत, खाली पाट किंवा स्टूल ठेवावं.

आठवडाभर पोट साफ झालं म्हणून औषध सोडणं ही इथली शेवटची चूक. ताणलेलं आतडं मूळ आकाराला यायला महिने लागतात. औषध किमान दोन महिने चालतं आणि त्रास पूर्ण थांबून महिना झाल्यावर हळूहळू कमी करतात.

जुलाबात उपाशी ठेवणं, एरवी ज्यूस पाजणं

जुलाबात आतड्याला विश्रांती म्हणून खाणं थांबवू नये. स्तनपान चालूच ठेवावं, मोठ्या मुलाला भूक लागेल तसं नेहमीचं जेवण द्यावं. ओआरएस पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाकून करावं. अर्धं पाकीट अंदाजाने घातलं की क्षारांचं प्रमाण चुकतं, आणि कमी पाण्यात दाट केलेलं ओआरएस घातक ठरू शकतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा.

एक ते पाच वर्षांच्या काही मुलांना दिवसातून अनेकदा पातळ शी होते, त्यात अन्नाचे न पचलेले तुकडे दिसतात, पण वजन-उंची छान वाढत असते. इथे कारण पुष्कळदा ज्यूस असतं. त्यातली फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल ही गोड द्रव्यं आतड्यात पाणी ओढतात. ज्यूस थांबवून आहारात तूप-तेलासारखी स्निग्धता पुरेशी ठेवली की त्रास बरेचदा ओसरतो. कुठलंही खास पथ्य लागत नाही.

मुदत न ठरवता पथ्य लांबवणं

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार, म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या काही शर्करा कमी केलेला आहार, बऱ्याच जणांच्या कानावर असतो. त्याचा कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच आहे. पुढे एकेक गट परत आणून नेमकं काय बाधतं ते शोधायचं असतं. लोक पहिल्याच टप्प्यावर थांबतात. बंद केलेल्या पदार्थांत आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्यही असतं, म्हणजे पोटाच्या आरोग्यासाठी केलेला आहार लांबला तर त्याच जिवाणूंना उपाशी ठेवतो. मुलांवर हा प्रयोग आहारतज्ज्ञांशिवाय करू नये. आधीच निवडक खाणाऱ्या मुलाला तर तो आणखी कोपऱ्यात ढकलतो.

खास आहाराला माझा विरोध अजिबात नाही. क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारात सहा ते आठ आठवडे फक्त द्रव पोषणआहारावर ठेवून मुलांची आतड्याची सूज आटोक्यात आणतात, तेही स्टिरॉइडशिवाय. आहारात एवढी ताकद आहे म्हणूनच तो औषधासारखा, नेमक्या आजाराला आणि ठरलेल्या मुदतीसाठी द्यायचा असतो.

प्रोबायोटिकचं, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या औषधांचंही तसंच. जिवाणूच्या एका वाणाचा उपयोग दुसऱ्याला लागू होत नाही, आणि मुदतीआधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळाला ती परस्पर देऊच नयेत. अन्नपदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं मोजणाऱ्या रक्ततपासणीवर तर पैसे घालवू नका. त्यातून मूल काय खातं एवढंच कळतं, काय बाधतं ते कळत नाही.

शीतून रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, उतरणारं वजन, खुंटलेली उंची, लांबलेला ताप, गुदद्वाराशी गळू, यांपैकी काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. हिरव्या उलटीला त्याच दिवशी, त्याच तासाला. जाताना मुलाच्या वजन-उंचीच्या जुन्या नोंदी आणि आठवडाभराची वही सोबत न्या. काय खाल्लं, कधी दुखलं, शी कशी झाली, आणि आजवर कोणकोणते पदार्थ किती दिवसांपासून बंद आहेत, हे सगळं त्यात असू द्या.