कोळंबीचे पिंजरे ओढायला वायपरच्या मोटरचं यंत्र

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्यात असो की सौंदत्तीकडे नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यात, पिंजरा टाकायला कष्ट पडत नाहीत, काढायला पडतात. दहा मीटर खोलीतून ओली दोरी हातानं ओढायची, तीही ओळीनं वीस पिंजऱ्यांची, म्हणजे तळहात सोलून निघतात. गाडीच्या वायपरची जुनी मोटर हे काम आरामात करते.

यंत्र विजेवर चालतं, पण त्यावरून गैरसमज नको. पाण्यात करंट सोडून मासे मारणं बेकायदा आहे आणि माणसाच्याही जिवावर बेततं. हे यंत्र १२ व्होल्टवर नुसती दोरी ओढतं. धरणात पिंजरे टाकण्याआधी परवान्याचं मत्स्य खात्यात विचारून घ्या.

मोटर

भंगारातून कारची किंवा ओम्नीसारख्या व्हॅनची वायपर मोटर घ्या. ट्रक-बसची नको, ती बहुतेक २४ व्होल्टची असते. वायपर मोटरच्या आत वर्म गिअर असतो, त्यामुळे ती सावकाश पण जोरात फिरते. हळू स्पीडवर मिनिटाला साधारण ४५ फेरे धरा.

तारा ओळखायला मोटर आधी शिकंज्यात घट्ट धरा, कारण चालू होताना ती झटका मारते. बऱ्याच मोटरींत बॉडी हीच निगेटिव्ह असते. बॅटरीची पॉझिटिव्ह तार एकेका पिनेला लावून बघा. जिथे मोटर हळू फिरते ती आपली. जोरात फिरवणारी पिन आणि वायपर जागेवर आणून थांबवणारी पिन टेप लावून बंद करा.

ड्रम

सगळी गोम इथे आहे. पुष्कळ जण दोरी गुंडाळून घेणारं रीळ बनवतात. मी ते करू नका म्हणेन. धरणाच्या तळाशी बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, जुन्या गावांच्या भिंती आहेत. हिडकलमध्ये तर हुन्नूरचं विठ्ठल मंदिरच पाण्याखाली जातं. पिंजरा अशा ठिकाणी अडकला आणि रीळ ओढतच राहिलं, तर दोरी तुटेल नाहीतर बोट कलंडेल.

त्यापेक्षा दोरीचे नुसते तीन वेढे घ्यायचा ड्रम करा. सुटलेलं टोक हातात धरून हलकं ताणलं की वेढे आवळतात आणि मोटर ओढू लागते. हात सैल सोडला की दोरी ड्रमवर घसरते, ओढणं थांबतं. दोरी हाताला गुंडाळून मात्र कधीच धरू नका.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून साडेतीन इंची नायलॉन रॉडचा तुकडा डमरूसारखा मध्ये बारीक करून घ्या, कंबर तीन इंच ठेवा. त्यामुळे वेढे सरकत मध्येच येतात, एकावर एक चढत नाहीत. या मापाला एका फेऱ्यात सुमारे २४ सेंटीमीटर दोरी येते, म्हणजे दहा मीटरला मिनिटभर. वायपरचा शाफ्ट आखूड असतो, म्हणून ड्रम मोटरला अगदी चिकटून बसवा आणि आतलं बुश (शाफ्टवर बसणारी नळी) लेथवाल्याला मोटर दाखवूनच करून घ्या. ड्रमचं बाहेरचं टोक मोकळं हवं, वेढे तिथूनच चढवायचे असतात.

दोरी ८ मिलिमीटरची घ्या. बारीक दोरी हात कापते.

बसवणं

जाड फळी बोटीच्या काठाला बोल्टनं आवळा, तिच्यावर लोखंडी पट्टीच्या क्लॅम्पनं मोटर. बाहेरच्या बाजूला पाइपाचा आडवा हात काढून टोकाला कप्पी टांगा. हा हात काठाबाहेर फूटभरच ठेवा. लांब केला तर बोट त्या बाजूला झुकते. हरिगोलावर, म्हणजे बांबूच्या गोल होडीवर, हे यंत्र लावूच नका, एका काठावरचा ओढा त्याला झेपत नाही. मोटरवर प्लास्टिकचा डबा उपडा घाला, खालून मोकळा.

वायरिंग

इन्व्हर्टरची नव्हे, यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी पुरते. पाच-सहा किलो ओढताना मोटर तीन-चार अँपिअर खाते. वीस पिंजऱ्यांना मिळून दीड अँपिअर-अवरच्या आत काम होतं.

पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, पुढे हॉर्नचा चार पिनांचा रिले, म्हणजे छोट्या बटणानं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरच्या पिनेला फ्यूजमधून आलेली तार, ८७ वरून मोटरला. ८६ ला फ्यूजनंतरचीच पॉझिटिव्ह तार द्या आणि ८५ मोटारसायकलच्या हॉर्न बटणातून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा; मोटरची निगेटिव्हही थेट तिथेच. घरातल्या बेलचं बटण थेट मोटरला लावाल तर ते पहिल्याच दिवशी जळेल. हॉर्नचं बटण दाबून धरावं लागतं, बोट सुटलं की यंत्र बंद, आणि तेच हवं आहे. बॅटरी बोटीच्या मध्यावर, तळाशी बांधून ठेवा.

चाचणी

पाण्यावर नेण्याआधी गच्चीवरून बादलीत पाच लिटर पाणी घालून वर ओढा. पाचेक वेळा ओढून मोटरला हात लावा. हात ठेवता येत नसेल इतकी तापली, तर वजन जास्त आहे किंवा ड्रम घासतोय.

पाण्यात पिंजरा हलका लागतो, बाहेर येताना एकदम जड होतो. शेवटचे दोन फूट बटण सोडून हातानंच उचला. लुंगीचा सोगा, सैल बाह्या ड्रमपासून लांब ठेवा, ओढलेली दोरी पायाखाली न ठेवता टोपलीत सोडा, लाइफ जॅकेट घाला आणि एक धारदार सुरी हाताशी असू द्या. पिंजरा अडकलाच तर बोट त्याच्या अगदी वर नेऊन उलट दिशेनं ओढून बघा. तरी सुटला नाही, तर दोरी कापून टाका.