संत गोन्सालो गार्सिया यांचा सण: नोव्हेना, मिस्सा आणि मिरवणुकीची तयारी

सणाच्या बैठकीत पहिली चर्चा होते ती मांडवाची आणि बँडची. ती थोडी मागे ठेवा. आधी धर्मप्रांताची उपासना-दिनदर्शिका उघडा. मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) वाचनं कोणती, महिमा गीत म्हणायचं की नाही, सण रविवारी घेता येईल का, हे सगळं तारीख आणि सणाचा दर्जा यांवरूनच ठरतं.

गोन्सालोंना हौतात्म्य आलं 5 फेब्रुवारी 1597 रोजी, जपानमधल्या नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर. पण 5 तारीख संत अगाथा यांची आहे, म्हणून रोमन दिनदर्शिकेत गोन्सालोंसह त्या दिवशी मारल्या गेलेल्या 26 हुतात्म्यांचं स्मरण 6 फेब्रुवारीला येतं. तिथे नाव दिसेल ते ‘संत पॉल मिकी आणि सोबती’. गोन्सालो त्या सोबत्यांपैकीच, त्यामुळे नाव सापडत नाही म्हणून घाबरू नका.

वसईजवळच्या गासच्या चर्चसारखं चर्चच त्यांच्या नावाचं असेल, तर तो त्या चर्चचा महासण, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा सण. महिमा गीत, श्रद्धांगीकार आणि तीन वाचनं, सगळं आलं. सामान्य काळातल्या (नाताळ, उपवासकाळ असे खास काळ सोडून उरलेल्या) रविवारी तो हलवताही येतो. इतर चर्चमध्ये मात्र ते सहसा साधं स्मरण असतं आणि साध्या स्मरणाला रविवारची मिस्सा बाजूला सारता येत नाही. तिथे रविवारी कार्यक्रम हवाच असेल तर मिस्सा रविवारचीच ठेवा आणि संतांची प्रार्थना, मिरवणूक नंतर घ्या. उपवासकाळावरही (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांवर) नजर हवी. 2027 मध्ये त्याची सुरुवात, म्हणजे राखेचा बुधवार, 10 फेब्रुवारीला आहे. 6 तारीख शनिवारी, तेव्हा महासण रविवारी 7 ला घेता येईल. हॉल मिळत नाही म्हणून 14 ला ढकललात, तर तो उपवासकाळाचा पहिला रविवार आणि तिथे तुमचा सण बसणार नाही.

नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना, उलटी मोजा. सण 6 ला असेल तर 28 जानेवारी ते 5 फेब्रुवारी. 29 ला सुरुवात केली की नववा दिवस सणावरच येऊन पडतो, ही चूक पत्रिका छापून झाल्यावरच लक्षात येते. सण 7 ला नेला तर नोव्हेना 29 जानेवारी ते 6 फेब्रुवारी. मध्ये 2 फेब्रुवारीला प्रभूच्या समर्पणाचा सण येतो, त्या दिवशी मिस्सा त्याच सणाची आणि नोव्हेनाची प्रार्थना मिस्सेनंतर. 3 तारखेला संत ब्लेझच्या गळ्याच्या आशीर्वादाची रांग लागते. त्या दिवशीचं चिंतन पाच मिनिटांत आटपायला सांगा.

नऊ दिवसांना ‘प्रेम’, ‘शांती’ असे विषय देण्याचा मोह टाळा, ते कुठल्याही संताला चालतात. गोन्सालोंच्या चरित्रातच नऊ टप्पे आहेत: 1556च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज आणि आई इथली; किल्ल्यातलं येशूसंघीयांकडचं (जेझुइटांकडचं) शिक्षण; कोवळ्या वयात जपानची वाट; तिथे धर्मशिक्षकाचं काम; मग व्यापार; येशूसंघात प्रवेश न मिळणं; मनिलात फ्रान्सिस्कन बंधू होणं; फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात जाणं; आणि शेवटी अटक, पायपीट, क्रूस. सहावा दिवस तरुणांच्या गटाकडे द्या. नकार पचवणं हा विषय त्यांना सांगावा लागत नाही.

मिस्सेची वस्त्रं लाल. 6 फेब्रुवारीची वाचनं गलतीकर 2:19-20 आणि मत्तय 28:16-20, स्तोत्र 126. महासणाला आणखी एक वाचन लागतं. ज्ञानग्रंथ 3:1-9 शोभून दिसतं, मात्र प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नसतो. वाचकाला कॅथलिक बायबल किंवा वाचनग्रंथच हातात द्या, नाहीतर तो वेदीपाशी पानं उलटत बसतो.

आता देखावा आणि पुतळा. इथे सर्वाधिक चुका होतात. गोन्सालो धर्मगुरू नव्हते. त्यांना स्टोल (धर्मगुरूच्या गळ्यातला पट्टा) घालू नका आणि घोषणेत ‘फादर’ म्हणू नका. साधा फ्रान्सिस्कन झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, हातात क्रूस किंवा झावळी, तीही माडाची नव्हे तर खजुराच्या जातीची. जपानमधल्या क्योतोत 24 जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला होता, उजव्या नाही; उरलेले दोघे वाटेत सामील झाले. क्रुसावर त्यांना खिळे ठोकले नव्हते. लोखंडी कड्या आणि दोरांनी जखडून मग भाल्यांनी भोसकलं होतं. मुलांना हातावर लाल रंगाने खिळ्यांची खूण करू देऊ नका. 26 क्रूस उभे करणार असाल तर हिशोब असा: 6 फ्रान्सिस्कन, 3 येशूसंघीय, 17 प्रापंचिक.

मिरवणुकीचा रस्ता दिवसाउजेडी एकदा चालून बघा. पुतळा खांद्यावर चढल्यावर उंची किती होते ते मोजा आणि आडव्या तारा त्याहून हातभर वर आहेत ना ते पाहा. खांदेकरी सारख्या उंचीचे निवडा. पुतळा तळाशी आणि कमरेपाशी, दोन ठिकाणी बांधा. फुलांचे हार चढले की तोल पुढे जातो, म्हणून बांधणी हार घालून तपासायची. कार्यक्रम वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी काढा. भिंतीत खिळा नको आणि मेणबत्त्या दगडावर थेट नकोत.

जेवणात फुगिया (तळलेले, फुगलेले मैद्याचे गोळे) हव्यातच. एक किलो मैद्याला 4 अंडी, 10 ग्रॅम कोरडं यीस्ट, 50 ग्रॅम साखर, दोन चमचे मीठ आणि सुमारे 600 मिली कोमट नारळाचं दूध. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. मळू नका, हाताने फेटा. दुप्पट फुगायला फेब्रुवारीच्या गारव्यात दोन तासांहून जास्त लागू शकतात. ओल्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून लिंबाएवढा गोळा तेलात सोडा. वरून लगेच तपकिरी आणि आत कच्ची राहिली तर आच जास्त झाली. फुगलीच नाही तर पीठ घट्ट आहे, थोडं दूध घालून पुन्हा फेटा. पहिल्या घाण्यातली एक फोडून बघितल्याशिवाय दुसरा घाणा सोडू नका.