शेअर फोल्डरमधला कॅपिटल-स्मॉलचा घोळ कसा निस्तरावा

ऑफिसच्या सर्व्हरवर एकाने इंग्रजीत ‘बिल डॉट पीडीएफ’ ठेवली, पहिला बी कॅपिटल. दुसऱ्याने तीच फाइल स्मॉल बी टाकून ठेवली. लिनक्सच्या लेखी या दोन वेगळ्या फाइल्स आहेत. विंडोजच्या लेखी मात्र हे एकच नाव आहे, त्यामुळे यादीत दोन्ही दिसल्या तरी क्लिक केल्यावर कुठली उघडेल याची खात्री धरता येत नाही. बदल जुन्या बिलात सेव्ह होतात आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

सेटिंगला हात लावण्याआधी नियम कोण ठरवतो ते समजून घ्या. पहिला शब्द सर्व्हरच्या डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धतीचा. लिनक्सच्या ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत कॅपिटल-स्मॉल वेगळे मानतात. विंडोजचे एनटीएफएस आणि मॅकचे एपीएफएस नाव दिले तसे जपतात, पण शोधताना फरक करत नाहीत. एनएफएसने, म्हणजे लिनक्स मशीन आपापसात वापरतात त्या पद्धतीने, शेअर केलेल्या फोल्डरला सर्व्हरच्या डिस्कचाच नियम लागतो. लिनक्सचे फोल्डर विंडोजला वापरू देणारा सांबा हा प्रोग्राम मात्र मध्ये दुभाष्यासारखा बसतो: विंडोजने मागितलेले नाव जसेच्या तसे सापडले नाही, तर अख्खे फोल्डर धुंडाळून अक्षरांचा आकार सोडून जुळणारे नाव शोधतो. सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती एकच फोल्डर सांबा आणि एनएफएस या दोन्ही वाटांनी उघडे ठेवल्यावर, कारण लिनक्सवाले एनएफएसवरून जुळी नावे, म्हणजे फक्त कॅपिटल-स्मॉलने वेगळी असलेली नावे, निर्धास्त तयार करतात.

पहिली पायरी चाचणीची. शेअरमध्ये रिकामे फोल्डर करा, त्यात सगळी अक्षरे स्मॉल ठेवून एक फाइल बनवा आणि तेच नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप करून उघडून बघा. उघडली तर त्या वाटेने फरक होत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा प्रत्येक प्रकारच्या मशीनवरून आणि प्रत्येक शेअरवर हे वेगळे तपासा. लिनक्सवरून सांबाचा शेअर माउंट केला, म्हणजे मशीनला जोडला, असेल तर उत्तर विंडोजपेक्षा वेगळे येऊ शकते. अशा वेळी माउंट करताना ‘नोकेस’ हा पर्याय द्यावा.

दुसरी पायरी जुळी नावे शोधण्याची. हे काम सर्व्हरवरच करा, क्लायंटवरून, म्हणजे शेअर वापरणाऱ्या मशीनवरून, नको. टर्मिनलमध्ये फाइल्स शोधणाऱ्या ‘फाइंड’ या आज्ञेची यादी क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला द्या, पर्याय डॅश स्मॉल एफ. तिथून सारख्या ओळी वेचणाऱ्या ‘युनिक’ला द्या, पर्याय डॅश स्मॉल आय आणि डॅश कॅपिटल डी. इथला डी चुकून स्मॉल दिलात तर प्रत्येक जोडीतले एकच नाव दिसेल. कॅपिटल-स्मॉलचा घोळ निस्तरायच्या आज्ञेतही तोच घोळ बसलेला आहे! ‘सॉर्ट’च्या आधी भाषेचा नियम ठरवणाऱ्या ‘एलसी ऑल’ या सेटिंगची किंमत सी ठेवा. नाहीतर भाषेच्या नियमाने क्रम लागताना विरामचिन्हे दुर्लक्षिली जातात आणि जुळी नावे एकमेकांशेजारी येत नाहीत. यादीत पूर्ण पाथ (फोल्डरांसकट नाव) असल्यामुळे ‘फोटोज’ नावाची दोन जुळी फोल्डर्सही पकडली जातात.

आता नावे बदलायची. आधी बॅकअप घ्या आणि ‘एसएमबी स्टेटस’ चालवून कुणाची फाइल उघडी नाही ना ते बघा. प्रत्येक जोडी ‘सीएमपी’ने ताडून पाहा. मजकूर तंतोतंत एक असेल तर एक प्रत काढून टाका. वेगळा असेल तर दोन्ही ठेवा आणि एकीच्या नावात तारीख घाला. कुठली खरी हे वापरणाऱ्याला ठरवू द्या, सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते ठरवू नये. हाताने नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा वापरत असाल तर डॅश स्मॉल एन द्या, म्हणजे आधीच्या फाइलवर दुसरी चढत नाही. नावे हजारोंनी असतील तर ‘कन्व्हएमव्ही’ला ‘लोअर’ हा पर्याय देऊन सगळी स्मॉल करून घ्या. हा प्रोग्राम आधी नुसते काय होईल तेवढे दाखवतो. ‘नोटेस्ट’ दिल्याशिवाय एकही नाव बदलत नाही. ती यादी कंटाळा न करता वाचा.

सेटिंग त्यानंतर. सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘केस सेन्सिटिव्ह’ची (कॅपिटल-स्मॉल वेगळे मानायचे का) मूळ किंमत ‘ऑटो’ असते आणि ‘प्रिझर्व्ह केस’ची (दिलेले नाव तसेच जपायचे का) ‘येस’. बहुतेक ऑफिसांत ही तशीच राहू द्यावीत. बदलण्याचे एक खरे कारण म्हणजे एकाच फोल्डरमध्ये लाखभर फाइल्स असणे. तिथे नवी फाइल बनवतानाही तिचे जुळे नाव नाही ना, हे पाहण्यासाठी सांबाला सगळी यादी चाळावी लागते आणि कॉपी रांगत चालते. अशा शेअरला ‘केस सेन्सिटिव्ह’ येस, ‘डिफॉल्ट केस’ लोअर, आणि ‘प्रिझर्व्ह केस’ व ‘शॉर्ट प्रिझर्व्ह केस’ नो, अशा चारही ओळी एकत्र द्या. मात्र आतली सगळी जुनी नावे आधी स्मॉल झालेली हवीत. एखादे कॅपिटल राहिले तर ती फाइल विंडोजला यादीत दिसेल, पण उघडणार नाही. बदल केल्यावर कॉन्फिग तपासणारे ‘टेस्टपार्म’ चालवा, सांबाला कॉन्फिग पुन्हा वाचायला लावा, क्लायंटवरचा ड्राइव्ह तोडून परत जोडा आणि पहिल्या पायरीतली चाचणी पुन्हा करा.

नवा सर्व्हर उभा करताय? मग हा प्रश्न डिस्कच्याच पातळीवर सोडवता येतो. लिनक्स कर्नल ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४ मध्ये ‘केसफोल्ड’, म्हणजे कॅपिटल-स्मॉल एकच मानण्याची सोय, आहे. फाइल सिस्टिमवर ते चालू करून रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर’ने अधिक कॅपिटल एफ लावायचा. भरलेल्या फोल्डरला तो लागत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये हा गुण डेटासेट (तिचा एक विभाग) बनवतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून उलटी सोयही आहे: ‘एफएसयूटिल’ने एखाद्या फोल्डरपुरते कॅपिटल-स्मॉल वेगळे करता येतात. शेअर केलेल्या फोल्डरवर ती वापरू नये.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून मराठी नावे ठेवली की सुटलो, असे वाटते. तसे नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवर ऱ, हलन्त आणि य असा उमटतो, तर दुसऱ्यावर र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य असा. ‘ॲडमिशन’मधला ॲ एकच अक्षर असू शकतो, किंवा अ वर चंद्र दिलेला. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, सर्व्हरला वेगळे. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिमवरून आलेल्या नावांत ऱ फुटून र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा होतो. तेवढा भाग ‘कन्व्हएमव्ही’च्या ‘एनएफसी’ पर्यायाने पुन्हा जुळतो. जोडक आणि चंद्राचे मात्र त्याने काही होत नाही. नावांची यादी देणाऱ्या ‘एलएस’चे उत्तर त्यातले बाइट दाखवणाऱ्या ‘हेक्सडंप’ला द्या, पर्याय डॅश कॅपिटल सी. ई२, ८०, ८डी हे तीन बाइट सलग दिसले तर तो जोडक. ते नाव हाताने पुन्हा टाइप करा.